‘कॅन्ट डिकोड बाइट’: पॅकेज बसवताना एन्कोडिंग अडते तेव्हा

पिपचे (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचे) इन्स्टॉल चालू असते, पॅकेज उतरून झालेले असते, आणि मग लाल अक्षरांच्या पंधरा-वीस ओळींच्या शेवटी हे दिसते: ‘युनिकोडडिकोडएरर: चारमॅप कोडेक कॅन्ट डिकोड बाइट ०एक्स९डी इन पोझिशन १२३४’. नेटवर शोधले की दहा उपाय सापडतात. त्यातले निम्मे कालबाह्य असतात आणि उरलेल्यांपैकी काही एरर फक्त झाकतात. खरे तर लागणारी जवळपास सगळी माहिती त्या शेवटच्या ओळीतच असते. ती ओळ नीट वाचता आली, तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत काम होते.

या लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, त्या टाइप रोमन लिपीत करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो तिथे फोड करून दिली आहे. मुख्य भर विंडोजवरच्या पायथनवर आहे, कारण ही एरर सर्वांत जास्त तिथेच येते. लिनक्स सर्व्हरचा भाग पुढे आहे.

नेमके अडते कुठे

फाइलमध्ये अक्षरे नसतात, बाइट असतात. कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर (या तक्त्यालाच एन्कोडिंग म्हणतात), हे वाचणारा प्रोग्राम ठरवतो, आणि फाइल कशी लिहिली आहे हे बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसते. पायथनच्या ‘ओपन’ फंक्शनला एन्कोडिंग सांगितले नाही, तर ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते. लिनक्स आणि मॅकवर उत्तर बहुधा यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी युनिकोडची पद्धत) असे येते. विंडोजवर भाषा-प्रदेश ‘इंग्लिश, इंडिया’ असेल तर उत्तर येते कोड पेज १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेला जुना एक-बाइटी तक्ता. पॅकेज लिहिणारा लिनक्सवर किंवा मॅकवर असतो, त्याची रीडमी (पॅकेजची ओळख करून देणारी) फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, आणि सेटअप.पीवाय (पॅकेज बांधणारी स्क्रिप्ट) ती फाइल एन्कोडिंग न सांगता उघडते. त्याच्याकडे सगळे चालते, तुमच्याकडे अडते.

१२५२ या तक्त्यात २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत (बाइट इथे आणि पुढे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायातल्या आकड्यांत): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यांपैकी एखादा बाइट आला की पायथन थांबते. बाकीचे बाइट आले तर थांबत नाही, चुकीची अक्षरे वाचून पुढे जाते. मराठी मजकुरात हा फरक फार स्पष्ट दिसतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. ‘म’ म्हणजे ई० ए४ एई, तर हलन्ताचे चिन्ह म्हणजे ई० ए५ ८डी. हा शेवटचा ८डी रिकाम्या जागांपैकी एक आहे, त्यामुळे कोणतेही जोडाक्षर आले की १२५२ कोसळते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचायला दिला तर विसाव्या स्थानी ८डी बाइटवर एरर येते (मोजणी शून्यापासून). ह्रस्व उकार ई० ए५ ८१ आहे, ‘झ’ ई० ए४ ९डी, ‘ए’ ई० ए४ ८एफ, ‘ऐ’ ई० ए४ ९०. म्हणून ‘पुणे’ आणि ‘मुंबई’ अडतात, पण ‘नागपूर’, ‘गोवा’ आणि ‘मराठी’ न अडता कचरा होऊन आत जातात.

हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण एरर न येणे म्हणजे सगळे ठीक असणे नव्हे. पॅकेजच्या माहितीत लेखकाच्या नावाऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि चलनाची गोल चिन्हे दिसली, तर तोच बिघाड गुपचूप झालेला आहे.

एररची ओळ कशी वाचायची

आधी ‘डिकोड’ आहे की ‘एन्कोड’ ते पाहा. डिकोड म्हणजे फाइल वाचताना अडले, एन्कोड म्हणजे पडद्यावर किंवा फाइलमध्ये लिहिताना अडले. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक इथेच गल्लत करतात.

मग कोडेकचे नाव. हे नाव फाइलच्या एन्कोडिंगचे नसते, वाचणाऱ्याने जे गृहीत धरले त्याचे असते. ‘चारमॅप’ असे मोघम नाव असेल तर ट्रेसबॅकमध्ये (एररच्या वरच्या लाल ओळींत) एक-दोन ओळी वर ‘एन्कोडिंग्ज’ फोल्डरमधल्या ‘सीपी१२५२.पीवाय’ सारख्या फाइलचा उल्लेख असतो, खरे कोड पेज तिथे कळते. जपानी विंडोजवर हीच एरर सीपी९३२ नावाने येते, कोरियन विंडोजवर सीपी९४९, चिनी विंडोजवर जीबीके. त्यामुळे शोधताना त्या नावांची उत्तरे सापडली तरी कामाची असतात, आजार एकच आहे.

तिसरा भाग म्हणजे बाइट. नेहमी भेटणारे बाइट आणि त्यांचे अर्थ असे:

– चारमॅप आणि ९डी: बहुधा वळणदार दुहेरी अवतरणाचे बंद होणारे चिन्ह, ज्याचे बाइट ई२ ८० ९डी. मराठी मजकूर असेल तर ‘झ’.
– चारमॅप आणि ९०: पायथनवाल्यांच्या लाडक्या सापाच्या इमोजीत (एफ० ९एफ ९० ८डी) हा बाइट असतो. रॉकेटची इमोजी मात्र १२५२ मधून न अडता, पण विद्रूप होऊन जाते.
– आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता) आणि ई२: वळणदार अवतरण, लांब डॅश, किंवा ‘ऱ्या’सारखी अक्षरे लिहिताना काही कीबोर्ड जे अदृश्य जोडचिन्ह घालतात ते.
– आस्की आणि ई०: देवनागरी किंवा दुसरी एखादी भारतीय लिपी.
– आस्की आणि सी३: युरोपीय भाषांतले मात्रा असलेले अक्षर. सी२ असेल तर वेबपानावरून कॉपी करताना आलेली न तुटणारी मोकळी जागा असण्याची शक्यता मोठी.
– यूटीएफ-८ आणि ९२, ९३, ९४ किंवा ९६, सोबत ‘इनव्हॅलिड स्टार्ट बाइट’: इथे उलटे झाले आहे. फाइल विंडोजवर १२५२ मध्ये जतन केलेली आहे आणि वाचणारा यूटीएफ-८ समजतो आहे.
– यूटीएफ-८ आणि एफएफ, स्थान ०: फाइल यूटीएफ-१६ मध्ये आहे.
– यूटीएफ-८ आणि ८बी, स्थान १: ही एन्कोडिंगची अडचणच नाही. जीझिप केलेली फाइल १एफ ८बी ने सुरू होते, म्हणजे तुम्ही आवळलेली फाइल मजकूर म्हणून वाचायला दिली आहे. ‘पिप इन्स्टॉल -आर’ पुढे चुकून पॅकेजची टार फाइल दिली की हे होते. ‘-आर’ काढा.

स्थानाचा आकडाही उपयोगी असतो. फाइल एकदम वाचली असेल तर तो थेट सुरुवातीपासूनचा बाइट-क्रमांक असतो, ओळीओळीने वाचली असेल तर तो वाचलेल्या तुकड्यातला क्रमांक असू शकतो. शेवटी ट्रेसबॅकमध्ये कोणती फाइल उघडताना अडले ते पाहा: पॅकेजची सेटअप.पीवाय, तुमची रिक्वायरमेंट्स फाइल (बसवायच्या पॅकेजांची यादी), की पिपची स्वतःची सेटिंग फाइल. इथून पुढचे रस्ते वेगळे होतात.

सेटअप.पीवाय अडत असेल तर (विंडोज)

सर्वांत आधी तयार बांधलेले पॅकेज, म्हणजे व्हील, मिळते का ते बघा. व्हील बसवताना सेटअप.पीवाय चालतच नाही, त्यामुळे ही एरर येण्याचे कारणच उरत नाही. पिप अद्ययावत करा: पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप. मग पॅकेज ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ हा पर्याय देऊन बसवा. ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ असे उत्तर आले तर तुमच्या पायथन आवृत्तीसाठी व्हील नाही, असा अर्थ. नुकत्याच आलेल्या पायथनवर बऱ्याच पॅकेजची व्हील काही महिने नसतात. एक आवृत्ती मागचे पायथन घेऊन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरता पायथनचा वेगळा संच) केले की प्रश्न पुष्कळदा तिथेच संपतो. पॅकेजची नवी आवृत्तीही तपासा. लेखकाने ही चूक केव्हाच सुधारलेली असते आणि आपल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये चार वर्षे जुना आकडा अडकून पडलेला असतो.

व्हील नसेल तर पायथनला यूटीएफ-८ मोडमध्ये चालवा. हा मोड पायथन ३.७ पासून आहे. त्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सुरू होणाऱ्या प्रोग्रामना मिळणारी नाव-किंमत सेटिंग) लावायचे: नाव ‘पायथनयूटीएफ८’, सगळी रोमन मोठी अक्षरे, मध्ये मोकळी जागा नाही, अधोरेखा नाही, शेवटी ८ चा आकडा, किंमत १. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ लिहून, पॉवरशेलमध्ये डॉलर-चिन्हानंतर ‘ईएनव्ही’ आणि कोलन (:) लावून. मग त्याच खिडकीत पिप इन्स्टॉल पुन्हा चालवा.

यात दोन खाचा आहेत. पहिली: कमांड प्रॉम्प्टमध्ये सेटची कमांड आणि पिपची कमांड दोन ‘अँड’ चिन्हांनी एकाच ओळीत जोडली, तर १ आणि चिन्ह यांच्यातली मोकळी जागाही किमतीत जाते. मग किंमत ‘१’ न राहता ‘१ आणि एक जागा’ होते आणि पायथन सुरू होतानाच ‘इनव्हॅलिड पायथनयूटीएफ८ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल व्हॅल्यू’ म्हणून बंद पडते. दोन कमांड दोन ओळींत द्या. दुसरी: काही ठिकाणी ‘पायथन -एक्स यूटीएफ८ -एम पिप इन्स्टॉल’ असे सुचवलेले असते. त्याने पिप स्वतः यूटीएफ-८ मध्ये चालते, पण सेटअप.पीवाय चालवायला पिप वेगळे पायथन सुरू करते आणि -एक्स चा पर्याय त्या दुसऱ्या पायथनपर्यंत पोहोचत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात्र पोहोचते. म्हणून तेच वापरा.

हे कायमचे हवे असेल तर ‘सेटएक्स’ कमांडने लावा, आणि लक्षात ठेवा की ते फक्त नव्याने उघडलेल्या खिडक्यांना लागू होते. घरच्या किंवा शिकण्याच्या संगणकावर ते कायम ठेवायला हरकत नाही. पायथन ३.१५ पासून हा मोड मुळातच चालू ठेवायचे ठरलेले आहे, तेव्हा आपण फक्त थोडे आधी तिथे पोहोचतो. ज्या कार्यालयात जुन्या स्क्रिप्ट १२५२ मधल्या सीएसव्ही फाइली वाचतात, तिथे मात्र कायम लावण्याआधी त्या स्क्रिप्ट तपासाव्या लागतील.

मोड लावल्यावर एरर गेली नाही, उलट आता ‘यूटीएफ-८ कोडेक कॅन्ट डिकोड बाइट ०एक्सई९’ अशी नवीच आली, तर पॅकेजमधली फाइलच यूटीएफ-८ नाही. जुन्या युरोपीय पॅकेजमध्ये लेखकाचे नाव लॅटिन-१ मध्ये लिहिलेले आढळते. मग फाइल हाताने दुरुस्त करावी लागते.

पॅकेज उघडून दुरुस्त करणे

‘पिप डाउनलोड’ने सोर्स उतरवायला जाऊ नका. सोर्स पॅकेजची माहिती काढण्यासाठी पिप त्या वेळीही बांधणीचा पहिला टप्पा चालवते आणि तीच एरर पुन्हा येते. पायपीआयच्या संकेतस्थळावर पॅकेजच्या पानावरून ‘डाउनलोड फाइल्स’मधली टार फाइल ब्राउझरनेच घ्या. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ‘टार’ कमांड अंगभूत आहे, ‘टार -एक्सएफ’ने ती उघडते.

आता सेटअप.पीवाय मध्ये ‘ओपन’ शोधा. रीडमी किंवा चेंजलॉग उघडणारी ओळ सापडेल. त्या कंसात स्वल्पविराम देऊन ‘एन्कोडिंग=’ आणि अवतरणात यूटीएफ-८ घाला. रीडमीच्या जोडीला हिस्टरी, लायसन्स, ऑथर्स अशा फाइलीही वाचल्या जातात, सगळ्या ठिकाणी घाला. फाइल लॅटिन-१ मध्ये असेल तर ती व्हीएस कोडमध्ये उघडा, खालच्या पट्टीवर उजवीकडे एन्कोडिंगचे नाव असते, त्यावर क्लिक करून आधी ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ने वेस्टर्न निवडा, अक्षरे नीट दिसली की ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ने यूटीएफ-८ करा. हा क्रम उलटा झाला तर बिघडलेली अक्षरेच यूटीएफ-८ म्हणून पक्की होतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. लिनक्सवर हेच काम ‘आयकॉन्व्ह’ करते. मग त्या फोल्डरमध्ये उभे राहून ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे एक पूर्णविराम.

‘एरर्स=इग्नोअर’ घालून मोकळे व्हा, असा सल्ला फार फिरतो. तो घेऊ नका. त्याने न समजलेले बाइट गाळले जातात. रीडमीच्या बाबतीत नुकसान किरकोळ असेल, पण हीच सवय पुढे डेटा वाचण्याच्या कोडमध्ये जाते. वर सांगितलेच आहे की १२५२ फक्त पाच बाइट नाकारते. ‘पुणे’मधला उकाराचा एक बाइट गळतो आणि बाकीचे अकरा कचरा होऊन डेटाबेसमध्ये बसतात.

रिक्वायरमेंट्स आणि सेटिंगच्या फाइली

विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘पिप फ्रीझ’चा निकाल मोठ्या-पेक्षा चिन्हाने फाइलमध्ये वळवला की ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते, सुरुवातीला एफएफ एफई हे दोन बाइट. पिप स्वतः ही खूण ओळखते, म्हणून तुमच्या संगणकावर काही कळत नाही. पण तीच फाइल दुसऱ्या एखाद्या साधनाने यूटीएफ-८ समजून वाचली की पहिल्याच बाइटला अडते, आणि गिट ती फाइल बायनरी समजून फरक दाखवत नाही. उपाय: हेच काम कमांड प्रॉम्प्टमध्ये करा किंवा पॉवरशेल ७ वापरा, तिथे यूटीएफ-८ हेच मूळ आहे. ५.१ मध्येच राहायचे असेल तर ‘आउट-फाइल -एन्कोडिंग आस्की’. पॅकेजची नावे आस्कीतच असतात, त्यामुळे नेहमीच्या यादीत काही गमावत नाही.

५.१ मध्ये ‘-एन्कोडिंग यूटीएफ८’ दिले तर फाइलच्या डोक्यावर ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट बसतात, ज्याला बॉम म्हणतात. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीचे नोटपॅडही यूटीएफ-८ जतन करताना हेच करायचे. एडिटरमध्ये बॉम दिसत नाही, पण त्याचा त्रास ओळखता येतो. सेटअप.सीएफजी पहिल्या ओळीत कंसातले शीर्षक व्यवस्थित असूनही ‘फाइल कंटेन्स नो सेक्शन हेडर्स’ म्हणते. पायप्रोजेक्ट.टॉमल ‘इनव्हॅलिड स्टेटमेंट, लाइन १, कॉलम १’ म्हणते. पहिली ओळ डोळ्यांना निर्दोष दिसते आणि तरी पहिल्याच अक्षरावर तक्रार असते, तेव्हा बॉमच समजा. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ लिहिलेले दिसेल, ते नुसते यूटीएफ-८ करून जतन करा.

‘कॉन्फिगरेशन फाइल कंटेन्स इनव्हॅलिड सीपी१२५२ कॅरेक्टर्स’ अशी तक्रार असेल तर दोष पॅकेजचा नाही, पिप.आयएनआय मध्ये कुणी तरी मराठी शेरा किंवा देवनागरी फोल्डरचे नाव लिहिले आहे. ‘पिप कॉन्फिग डीबग’ चालवले की पिप कोणकोणत्या ठिकाणच्या सेटिंग फाइली वाचते ते कळते.

युजरचे नाव देवनागरीत असेल तर

विंडोजवर खाते काढताना नाव देवनागरीत टाइप केले की युजर्समधला फोल्डरही देवनागरीत होऊ शकतो. पायथन ३.६ पासून स्वतः असे पाथ सांभाळते, पण सी भाषेतला भाग असलेले पॅकेज बांधताना मधली काही जुनी साधने कोड पेजवरच चालतात. १२५२ मध्ये देवनागरी बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या पाथमध्ये चालतच नाही. एररमध्ये पाथच्या मधोमध प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर कारण हेच.

सेटिंग्जमधून खात्याचे नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचे नाव तसेच राहते. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘वर्क’ आणि ‘टीएमपी’ असे दोन साधे रोमन नावांचे फोल्डर करा. ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ ही दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दुसऱ्या फोल्डरकडे वळवा, कारण पिप बांधणी तिथे करते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पहिल्या फोल्डरमध्ये काढा. अ‍ॅनाकोंडा बसवतानाही मोकळी जागा आणि आस्कीबाहेरची अक्षरे नसलेला पाथ निवडावा, अशी त्यांची स्वतःचीच सूचना आहे. आर भाषेबाबत विंडोजवर ४.२.० ही आवृत्ती मोठा फरक करते: तिथपासून विंडोज १० च्या १९०३ किंवा पुढच्या आवृत्तीवर आर मुळातच यूटीएफ-८ वापरते. त्याआधीचे आर असेल तर पॅकेजशी झगडण्यापेक्षा आर बदला.

मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर सोर्समधल्या अक्षरांवरून ‘सी४८१९’ ही सूचना देत असेल, तर ‘सीएल’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये तिरकी रेघ आणि यूटीएफ-८ हा पर्याय ठेवून पुन्हा बांधा.

‘सीएचसीपी ६५००१’ आणि बीटाची चौकट

‘सीएचसीपी ६५००१’ने काही होत नाही म्हणून वैतागलेले पुष्कळ जण भेटतात. ती कमांड फक्त कन्सोलच्या खिडकीचे कोड पेज बदलते. फाइल उघडताना पायथन जे कोड पेज विचारते ते वेगळे, त्याला हिने धक्काही लागत नाही. तसेच ‘पायथनआयओएन्कोडिंग’ हे व्हेरिएबल पडद्यावरच्या आणि पाइपमधल्या मजकुरापुरते आहे, फाइल वाचण्याशी त्याचा संबंध नाही. ते कामाला येते एन्कोडच्या एररमध्ये: इन्स्टॉल थेट चालते, पण निकाल लॉग फाइलमध्ये वळवला की ‘चारमॅप कोडेक कॅन्ट एन्कोड’ येते. पायथन ३.६ पासून कन्सोलवर यूटीएफ-८ आहे, पण वळवलेला निकाल अजूनही कोड पेजनेच लिहिला जातो, म्हणून हा फरक पडतो.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबखाली, सिस्टिम लोकेल बदलण्याच्या खिडकीत ‘बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८’ अशी चौकट असते. ती टिचकवली की सगळ्या संगणकाचे कोड पेज ६५००१ होते आणि ही एरर जाते. पण छपाई, डीटीपी किंवा सरकारी पत्रव्यवहारासाठी जिथे जुनी फाँट-आधारित मराठी टंकनाची साधने चालतात, तिथे हिला हात लावू नये. त्या पद्धतीत मराठी अक्षरे १२८ ते २५५ या बाइटांच्या जागी बसवलेली असतात, आणि युनिकोड न जाणणारा प्रोग्राम यूटीएफ-८ कोड पेजवर आला की नेमके तेच बाइट अवैध ठरतात. एका पॅकेजसाठी सगळ्या कार्यालयाचा मजकूर धोक्यात घालण्याचे कारण नाही.

लिनक्स सर्व्हर आणि कंटेनर

इथे कोडेकचे नाव बहुधा ‘आस्की’ असते. कारण लोकेल (भाषा, प्रदेश आणि एन्कोडिंगची सेटिंग) लागलेलेच नसते आणि सिस्टिम ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’वर पडते. पायथन ३.७ पासून अशा वेळी आपोआप यूटीएफ-८ कडे वळते, त्यामुळे पायथनमध्ये ही एरर आली तर आधी आवृत्ती तपासा. रूबी मात्र तसे करत नाही: बंडल इन्स्टॉल करताना ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स इन यूएस-आस्की’ हा त्याचाच नमुना. डॉकरफाइलमध्ये पॅकेज बसवण्याच्या ओळीआधी ‘ईएनव्ही लँग=सी.यूटीएफ-८’ घाला. डेबियन-उबुंटूवर सी.यूटीएफ-८ साठी वेगळे लोकेल-पॅकेज बसवावे लागत नाही. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या कामांना तुमच्या लॉगिनचे लोकेल मिळेलच असे नाही, म्हणून हाताने चालते आणि रात्री अडते. तीच ओळ, पण ‘ईएनव्ही’ हा शब्द गाळून, क्रॉनटॅबच्या सुरुवातीला द्या.

लॅपटॉपवर मराठी लोकेल ठेवणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. एसएसएचने सर्व्हरवर गेले की प्रत्येक एपीटी इन्स्टॉलला ‘पर्ल: वॉर्निंग: सेटिंग लोकेल फेल्ड’ची पट्टी. डेबियन आणि उबुंटूचे एसएसएच लँग आणि एलसीने सुरू होणारी व्हेरिएबल सर्व्हरकडे पाठवते, आणि सर्व्हरवर ‘एमआर-आयएन’ लोकेल तयार केलेले नसते. मॅकचे टर्मिनल कधी कधी एलसी-सीटाइपमध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ पाठवते, जे लिनक्सला लोकेलचे नाव म्हणून समजत नाही. ‘लोकेल -ए’ने सर्व्हरवर काय आहे ते पाहा. मराठी लोकेल हवे असेल तर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवून यादीत ‘एमआर-आयएन यूटीएफ-८’ला खूण करा (नावात मध्ये अधोरेखा). नको असेल तर लॅपटॉपवरच्या एसएसएच सेटिंगमधली ‘सेंडएन्व्ह’ची ओळ बंद करा, मॅकवर टर्मिनलच्या सेटिंगमधली ‘सुरू होताना लोकेल व्हेरिएबल लावा’ ही खूण काढा.

बहुतेक पॅकेजसाठी ही पट्टी निरुपद्रवी आहे. पोस्टग्रेएसक्यूएलसाठी नाही. लोकेल अवैध असताना ते बसवले तर पॅकेज बसते पण डेटाबेस क्लस्टर तयारच होत नाही. लोकेल नुसते ‘सी’ असेल तर क्लस्टर होते, पण एसक्यूएल-आस्की एन्कोडिंगने, म्हणजे कोणतेही बाइट तपासणीशिवाय आत घेणारे. मराठी नावे त्यात महिनोन्‌महिने साठतात आणि मग दुरुस्ती फार जड जाते. म्हणून बसवल्याबरोबर ‘पीएसक्यूएल -एल’ करून एन्कोडिंगचा रकाना पाहा. चुकीचे असेल आणि डेटाबेस अजून रिकामा असेल, तर ‘पीजी-ड्रॉपक्लस्टर’ने काढून ‘पीजी-क्रिएटक्लस्टर’ला ‘--लोकेल सी.यूटीएफ-८’ देऊन पुन्हा करा (दोन्ही नावांत आडवी रेघ नसून अधोरेखा आहे). ड्रॉपने सगळा डेटा जातो, तेव्हा रिकामा असल्याची खात्री आधी.

एन्कोडिंगसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी

‘युनिकोडएस्केप कोडेक कॅन्ट डिकोड बाइट्स इन पोझिशन २-३’ ही एरर नवशिक्यांना हमखास येते आणि तिचा फाइलच्या एन्कोडिंगशी संबंध नाही. सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’चा पाथ साध्या अवतरणात लिहिला की उलटी रेघ आणि मोठा यू मिळून पायथनला ती युनिकोड क्रमांकाची सुरुवात वाटते. अवतरणाआधी रोमन छोटे ‘आर’ लावा किंवा सरळ तिरक्या रेघा वापरा.

दुसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्डमधल्या नोट्समधून आलेल्या कमांड. वर्ड दोन हायफनचा एक लांब डॅश करते, सरळ अवतरणे वळणदार करते. ‘इनव्हॅलिड रिक्वायरमेंट’ अशी तक्रार आली आणि कमांड बरोबर दिसत असेल, तर ती ओळ पुसून हाताने टाइप करा. शिकवण्यासाठी नोट्स देणाऱ्यांनी कमांड साध्या टेक्स्ट फाइलमध्येच द्याव्यात.

स्वतः पॅकेज लिहीत असाल तर

प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग लिहा. लांब वर्णन सेटअप.पीवाय मधून वाचण्याऐवजी पायप्रोजेक्ट.टॉमल मध्ये रीडमीचे फक्त नाव द्या, टॉमल फाइल यूटीएफ-८च असावी असा नियम आहे आणि रीडमीही यूटीएफ-८ समजूनच वाचली जाते. सोर्ससोबत व्हीलही प्रकाशित करा. पायथन ३.१० पासून ‘-एक्स वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग’ हा पर्याय आहे (इथेही मधल्या रेघा अधोरेखा). तो लावून चाचण्या चालवल्या की एन्कोडिंग न सांगता उघडलेली प्रत्येक जागा सूचनेसह समोर येते, लिनक्सवर बसूनही. आणि रीडमीमध्ये एक ओळ मराठीत, जोडाक्षरासकट, मुद्दाम ठेवा. ती काढून टाकून एरर घालवू नका. विंडोजवरच्या स्वयंचलित चाचणीत यूटीएफ-८ मोड बंद ठेवून ती ओळ वाचली गेली, तर वापरणाऱ्यांच्या संगणकावरही वाचली जाईल.